चाळीस तास

सफरचंदांच्या शेडमध्ये तास मी लिहिते.
कोण किती वाजता आलं, चहाला किती मिनिटं गेली,
कोणाचा हातमोजा पट्ट्यात अडकून
किती वेळ सगळं ठप्प.
ह्युऑन नदीवरचं धुकं सहालाच दारातून आत येतं,
पेट्यांमध्ये उभं राहतं. त्याचे तास कोण लिहिणार.

व्हेर्ना ट्रेलोर मे महिन्यात आली.
नऊ तारखेला पंच्याहत्तर पूर्ण.
"चाळीस तास हवेत मला," म्हणाली.
"एकेचाळीस नकोत. गुडघ्यांशी तसं ठरलंय."

पर्समधून घडीचा कागद काढला,
फंडाकडून आलेला, कोपऱ्यावर लोण्याचा डाग.
सदुसष्टीनंतर आपलेच पैसे आपल्याच निवृत्तीच्या खात्यात
भरून करात सूट मागायची,
तर त्या वर्षात कधीतरी, सलग तीस दिवसांत,
चाळीस तास काम झालेलं असावं.
पगाराचं.
आणि पंच्याहत्तरी भरते तो महिना सरला
की पुढचे अठ्ठावीस दिवस.
मग खिडकी बंद.

"म्हणजे अठ्ठावीस जून," मी बोटांवर मोजून सांगितलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं पावकीसुद्धा न येणाऱ्या पोराकडे पाहावं.

पैसे बोटीचे होते.
क्लेमची बोट, दारात ताडपत्रीखाली नऊ वर्षं.
बोट नदीत नव्हती ती नऊ वर्षं
क्लेम अंथरुणात होता.
भरवणं, कूस बदलणं, रात्री तीनला चादरी धुणं.
फोनवरच्या मुलाला तिनं विचारलं होतं,
ते तास धरता येतील का?
मुलगा चांगला होता. थोडा थांबला.
मग म्हणाला, त्याचे पैसे मिळत होते का तुम्हाला?

ती पिंक लेडीच्या रांगेला लागली.
डागाळलेलं फळ डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं तिच्या.
फोर्कलिफ्टवरच्या कोरीनं एकदा ओरडून विचारलं,
"आज्जी, या वयात बचत कशासाठी?"
"म्हातारपणासाठी."
शेड खो खो हसली.
ती हसली नाही.
तिची आई एकशे दोन वर्षांची होऊन गेली,
त्यातली शेवटची अकरा दुसऱ्यांच्या उपकारावर.

अठ्ठाविसाव्या दिवशी पट्टा तुटला.
सुटा भाग मेलबर्नहून येणार, सोमवारी, बहुतेक.
वहीत तिच्या नावासमोर साडेसदतीस.
अडीच तास.
माझ्या पेनाला ते एका आकड्याचं काम,
आणि पेन माझ्या हातातच होतं.
तिनं ते पाहिलं.

"न केलेलं लिहू नकोस," म्हणाली.
"केलेलं कुणी लिहिलं नाही, ते जाऊ दे.
पण त्याची भरपाई अशी नको."

मला राग आला. खरं सांगते, तिचाच आला.
रात्रभर आला.
मग सकाळी मालकाला फोन केला,
मागच्या खोलीतली लाकडी खोकी
तीन हंगाम न धुतलेली, आठवतायत का?

तिसावा दिवस. रविवार.
शेडमध्ये आम्ही दोघी, एक नळी, एक ब्रश.
पाणी असं गार की बोटं आपली वाटेनात.
ती बोलली नाही, मीही नाही.
दीड वाजून पाच मिनिटांनी मी म्हणाले, "झाले. चाळीस."

तिच्या हातात अर्धं घासलेलं खोकं होतं.
तिनं घड्याळाकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं,
आणि उरलेलं अर्धं घासायला घेतलं,
कोपरे, खिळ्यांच्या भोवती, खालची बाजू,
जी कुणीच पाहत नाही.

"हे धरू नकोस," वर न बघता म्हणाली.

वहीत नाही धरलं.
सोमवारी पट्टा आला.